कुठल्या ग्रहाचा हो हा?

रंगीत दगड दिसला की आपल्याकडे माणसं दोनच प्रश्न विचारतात. हा कुठल्या ग्रहाचा? आणि केवढ्याला पडला? आमच्या शोकेससमोर उभं राहून तिसरा प्रश्न आजवर एकाही पाहुण्याने विचारलेला नाही. तो म्हणजे, हा आला कुठून? आजची माझी सगळी कटकट त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. ज्यांना वाद नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. नातेवाईक मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, बरंचसं तुम्हालाच उद्देशून आहे!

आधी ग्रहांचं उरकून टाकू. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा आणि पुष्कराज गुरूचा. आता हे तीन खडे (पुष्कराज म्हणून आजकाल जो पिवळा नीलम विकतात तो धरून) खनिज म्हणून एकच आहेत. कुरुविंद! म्हणजे अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस्स. शुद्ध असलं तर त्याला रंगच नसतो. त्यात चिमूटभर क्रोमियम गेलं की लाल, लोह आणि टायटॅनियम मिळून गेलं की निळं. पुराणात शनी हा सूर्याचा मुलगा आणि बापलेकांचं भयंकर वैर, म्हणून माणिक आणि नीलम एकत्र घालू नयेत असं ज्योतिषी सांगतात. रसायनशास्त्रात मात्र बापलेक एकाच हाडामांसाचे निघतात. मोती आणि पोवळं तर दगडच नाहीत. एक शिंपल्याच्या पोटातला आणि दुसरं समुद्रातल्या बारक्या जीवांचा सांगाडा.

माझ्या आईच्या बोटात पुष्कराज आहे. तिने तो खुशाल घालावा, माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खड्याला एकदा ग्रह मिळाला की त्याचं गाव सुटतं. अंगठीतला नीलम काश्मीरचा, श्रीलंकेचा की थायलंडचा, हे घालणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटत नाही. आणि ही सवय आपण मग सगळ्याच दगडांना लावतो. आपल्या दारातल्या दगडांनासुद्धा.

दारातले म्हणजे अक्षरशः दारातले. महाराष्ट्राचा काळा कातळ म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात आणि छाती फुगते. पण त्याच कातळाच्या पोटात काय रंग भरलेत हे जगभरचे संग्राहक जाणतात आणि आपण जाणत नाही. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेला पसारासुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि वाटेत कातळातलं जे काही विरघळलं ते आत स्फटिक होऊन बसलं. भोकं भोकं पडलेल्या काळ्या दगडाच्या आत खोबऱ्याच्या वाटीसारखी पोकळी, आणि तिच्यात पीचच्या रंगाचं स्टिल्बाइट, काचेसारखं नाहीतर पोपटी अपोफिलाइट, जांभळट गारा, बोट लावायची भीती वाटावी असे ओकेनाइटचे पांढरे कापसाचे गोळे. (भीती रास्तच आहे. ते तंतू बोटाने दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.) ह्या कुळातल्या बऱ्याच खनिजांना झिओलाइट म्हणतात. क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने 1756 साली हे नाव दिलं. तापवल्यावर दगड उकळल्यासारखा फसफसला म्हणून 'उकळणारा दगड'!

आणि कॅव्हॅन्साइट! ते ज्याने पाहिलं नसेल त्याला निळा रंग म्हणजे काय हे सांगणं कठीण आहे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या सुयांचे टपोरे गेंद बसलेले असतात. हे खनिज पहिल्यांदा सापडलं 1967 साली अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, पण त्याचे जगात नावाजलेले नमुने आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमधले. तो निळा रंग व्हॅनेडियमचा. पुण्याच्या अपोफिलाइटचा हिरवाही व्हॅनेडियमचाच. म्हणजे संग्राहकाला आधी रंगाने ओढलं हे खरं, मी नाकारत नाही. मलाही रंगानेच ओढलं. पण रंग हा त्या जागेच्या पाण्याचा आणि कातळाचा हिशेब असतो, आणि तो वाचायला जागा माहीत असावी लागते.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलाय का? मेट्रोने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांनी मान वळवून पाहिलाय? जवळजवळ दोनशे फूट उंच, उभ्या खांबांचा काळा कातळ, वर गावदेवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी इमारती आणि झोपड्या. आजूबाजूचा दगड खणून नेला, तो एवढाच उरला. 2007 साली त्याला महापालिकेच्या वारसा यादीत जागा मिळाली. मालाड, कांदिवली, कुर्ला इथल्या खाणींना असली कुठलीच यादी मिळाली नाही. फोर्टमधलं आपलं वस्तुसंग्रहालय (जुनं प्रिन्स ऑफ वेल्स) कुर्ल्याच्या आणि मालाडच्या दगडात बांधलंय. आपण तिकीट काढून आत मूर्ती बघायला जातो आणि ज्या भिंतीला हात टेकून चपलेचा पट्टा लावतो तो मालाडचा दगड असतो, हे कोणी सांगत नाही. सरकारी भाषेत बांधकामाच्या दगडाला 'गौण खनिज' म्हणतात. गौण! नावातच निकाल लागला.

ह्याच खाणींमधून निघालेले प्रेहनाइट, गायरोलाइट, बॅबिंग्टोनाइट, लॉमोंटाइट संग्राहकांच्या जगात प्रसिद्ध आहेत. मुंबईचा माल पुण्यापेक्षा वेगळा, कारण इथला लाव्हा काही ठिकाणी थेट पाण्यात उतरला आणि पुढचं सगळं रसायनच निराळं झालं. ह्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे प्रेहनाइटची बोटं. फिक्या हिरव्या द्राक्षाच्या रंगाची, बोटाएवढी लांब, एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली. प्रेहनाइट स्वतःहून असं वाढत नाही, त्याचे गोळे होतात. इथे आधी लॉमोंटाइटच्या कांड्या होत्या. त्यांच्यावर प्रेहनाइट चढलं, मग आतलं लॉमोंटाइट गेलं आणि आकार तेवढा राहिला. तसंही लॉमोंटाइट कोरड्या हवेत पाणी सोडतं आणि भुगा होऊन पडतं. म्हणजे त्या जागी ते एकेकाळी होतं ह्याचा पुरावा म्हणून दुसऱ्याच खनिजाचं बोट आपल्या हातात आहे! पण हे सगळं कळायला त्या दगडाखाली 'मालाड' किंवा 'कांदिवली' असं लिहिलेलं हवं. नसेल तर ते बोट म्हणजे छान हिरवा पेपरवेट.

आता घरगुती भाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचे थोरले मामा मालाडला शाळामास्तर होते. सत्तरच्या दशकात दर रविवारी ते खाणींवर जात. सुरुंग उडून झाले, मजूर भाकरी खायला बसले की मामा त्यांच्यात जाऊन बसायचे. एखाद्या पोकळीत 'चमक' निघाली असली तर मजूर त्यांच्यासाठी बाजूला ठेवत. बाकीचं सगळं क्रशरमध्ये जाऊन खडी व्हायचं. तुम्ही आम्ही ज्या स्लॅबखाली झोपतो त्यात किती अपोफिलाइट दळलं गेलंय कोण जाणे. मामा घरी येऊन प्रत्येक तुकडा धुवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि आत चिठ्ठी टाकायचे. 'कांदिवली, पूर्वेची भिंत, तळापासून दोन पुरुष उंचीवर, दिवाळीनंतरचा रविवार, 1978.' शाळामास्तरी अक्षर, वेलांटी-उकार चोख. बुटांच्या खोक्यांमधून आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांमधून असे एकशे चाळीस-एक दगड आहेत.

मामा गेले, मामीही गेल्या, डबे माझ्याकडे बोरिवलीला आले. आता आमची इमारत पाडणार. दोन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची आणि सामान निम्मं करायचं. मामेभाऊ मुलुंडला असतो, त्याच्याकडे जागा नाही. त्याने एक व्यापारी पाठवला. माणूस बोलायला सभ्य होता. डबे उघडून त्याने निम्मे दगड ओळखले, भावही बरा सांगितला. आणि मग म्हणाला, "ताई, चिठ्ठ्या राहू द्या. त्याने माल जुना दिसतो. आम्ही नाशिक लिहितो. नाशिक चालतं."

नाशिक चालतं!! ह्या दोन शब्दांवर आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस रणकंदन चाललंय. मामेभाऊ म्हणतो, दगड बाबांचे, ते मला विकायचेत, तुला चिठ्ठीचं काय पडलंय? धाकट्या मावशीचं म्हणणं, दगड घरात ठेवणं चांगलं नसतं. भाची म्हणते, दोन हिरवे तिला द्यावेत, तिच्या मैत्रिणी ध्यानाला बसताना समोर ठेवतात. (अपोफिलाइटचा पिरॅमिड कपाळावर ठेवला की तिसरा डोळा उघडतो म्हणे. पहिले दोन उघडे असते तर खालची चिठ्ठी वाचली असती.)

मामेभावाच्या बाजूने बोलायचं तर त्याचं एक म्हणणं बिनतोड आहे. तो म्हणतो, परदेशी संग्राहक पैसे मोजतात म्हणून तर हे दगड क्रशरमधून वाचले. नाहीतर खडीच झाली असती. बरोबर आहे. दर फेब्रुवारीत अमेरिकेत टूसॉनला खनिजांचा जो मोठा बाजार भरतो तिथे आपला माल जातो. लंडन-वॉशिंग्टनच्या संग्रहालयांतही आपल्या कातळातले स्फटिक आहेत, ते तिथे नीट सांभाळलेले आहेत आणि खाली 'पूना' नाहीतर 'बॉम्बे' असं गाव लिहिलेलं आहे. इथेही सिन्नरला गारगोटी संग्रहालय उभं राहिलं ते एका संग्राहकाच्या वेडापायीच. म्हणून विकण्याला माझा विरोध नाही. बाजाराला नावं ठेवून सोवळं राहायचं आणि घरात डबे कुजवायचे, हे मला मान्य नाही.

पण बाजारातलाच हिशेब करायचा तर चिठ्ठी फेकणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. जाणकार संग्राहक ठिकाणालाच किंमत देतो, आणि बंद पडलेल्या खाणीच्या नमुन्याला जास्त, कारण तिथून पुन्हा दगड निघायचा नाही. नाशिक लिहिणाऱ्याला नाशिकबद्दल प्रेम नाही, त्याला चौकशी नको आहे. असा माल विकत घेणारा रंग विकत घेतो. आणि नुसता रंगच हवा असेल तर तो दगडाला देताही येतो. अकीक भाजून लाल करतात, रसायनात बुडवून निळा-गुलाबी करतात, जांभळी गार तापवून पिवळी करतात आणि पिवळी म्हणून विकतात. चौपाटीवर मिळणाऱ्या गुलाबी चकत्यांचा रंग डब्यातला असतो. त्यालाही चिठ्ठी नसते, आणि का नसते हे उघड आहे.

मला राग कशाचा येतो सांगू? मालाडची ती भिंत आता नाही. उपनगरातल्या बहुतेक खाणी बंद होऊन त्यांच्यावर शहर चढलं. पूर्वेची भिंत कुठली, तळ कुठला, हे आज दाखवायला गेलं तर समोर पार्किंगचे मजले असतील. त्या जागेतलं काही उरलं असेल तर ते बुटाच्या खोक्यात आहे, आणि ते तिथलं आहे हे त्या चार ओळींमुळे कळतं. आणि आपण, ज्यांना सोसायटीच्या नावात 'हिल' आणि 'रॉक' हवं असतं, ते चिठ्ठी काढून टाकायला निघालोय, माल जुना दिसतो म्हणून! सहा कोटी वर्षांचा माल नवा दिसायला हवा काय?

असो. तर माझं ठरलं ते असं. दगड मामेभावाचे, पैसे त्याचे. पण प्रत्येक दगडाचा फोटो मी त्याच्या चिठ्ठीसकट काढते आहे, आतापर्यंत साठ झालेत. प्रत्येकाला आकडा दिलाय, तोच आकडा दगडाच्या बुडाशी पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर शाईने लिहितेय. जो कोणी घेईल त्याने चिठ्ठ्यांसकट घ्यावेत, ही एकच अट. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला प्रेहनाइटची बोटं हवी असतील तर ती फुकट देण्याबद्दल मी भावाला अर्धं पटवलंय. उरलेलं अर्धं मावशी पटवतील, त्यांना ती घरातून जायलाच हवी आहेत.

एक मदत हवी आहे. सोळा चिठ्ठ्यांवर नुसतं 'नवी खाण' लिहिलंय, बाजूला 1974 ते 1976 मधली सालं. मामा तेव्हा मालाड पूर्वेला राहत आणि सायकलने जात, म्हणजे फार लांब नसावी. त्या काळात मालाड-कांदिवलीला राहणाऱ्या कोणाला 'नवी खाण' म्हणजे कुठली हे आठवत असेल, किंवा तुमच्या घरात आठवणारं कोणी म्हातारं माणूस असेल, तर विचारून कळवा. पंधरा तारखेला घर रिकामं करायचंय.