अकरा महिन्यांचा करार आणि जव्हारहून आलेला विद्यार्थी

सप्टेंबर 1917, बडोदे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला एक तरुण संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी स्टेशनावर उतरला. शिष्यवृत्ती संस्थानची, नोकरी संस्थानची, आश्रयदाते साक्षात सयाजीराव महाराज. तरीही त्या शहरात त्याला खोली मिळेना. अखेर पारशी नाव नोंदवून तो एका पारशी विश्रामगृहात राहू लागला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्याला सामान उचलावे लागले. शहरातल्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्याने आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. सार्वजनिक बागेत काही तास काढून भीमराव आंबेडकर गाडीने मुंबईस परतले.

ही हकिकत अस्पृश्यतेच्या इतिहासात सांगितली जाते, आणि तिचे स्थान तेच आहे. आज मात्र तिच्यातील एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. राज्याने विद्या दिली, वेतन दिले. छप्पर मात्र खासगी माणसाच्या मर्जीवर राहिले. बडोद्याच्या त्या प्रसंगाला जवळजवळ शंभर वर्षे झाली असताना महाराष्ट्र शासनाने त्यांच्याच नावाने एक योजना सुरू केली, आणि ती आज नेमकी याच उंबरठ्यावर अडखळते.

ती योजना म्हणजे 2016-17 पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याने शहरात भाड्याने राहावे आणि त्याचा खर्च शासनाने थेट त्याच्या बँक खात्यात जमा करावा, अशी तिची रचना. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याच सुमारास पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आली. पाश्चात्त्य देशांत गरीब भाडेकरूंना शासन भाड्याचे कुपन देते. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था याच दोन योजनांची आहे.

आता पालघर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला जव्हार, मोखाडा, विक्रमगड: वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी यांची वस्ती. दक्षिणेला, मुंबईच्या लोकलला चिकटून, वसई-विरार: 2011 च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकसंख्या, महाविद्यालये, रुग्णालये, कारखाने. बारावी झालेला मुलगा वा मुलगी एसटीने डोंगर उतरून येते, वर्तक किंवा विवा महाविद्यालयात प्रवेश मिळवते, आणि मग विरार पूर्वेला किंवा नालासोपाऱ्यात खोली शोधू लागते.

स्वाधारच्या सुरुवातीच्या आखणीत मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी निवास भत्ता ठरला तो वर्षाला 20,000 रुपये. लहान शहरांना त्याहून कमी. सर्वांत वरचा दर धरला तरी महिन्याला सुमारे 1,667 रुपये पडतात. एवढ्या पैशात एकट्याला खोली मिळणे अशक्य. तिघा-चौघांनी मिळून घेतली तर जमू शकते. म्हणजे चार अविवाहित मुले. आणि सोसायटीच्या फाटकावर 'बॅचलर नको' हा अलिखित ठराव असतोच. जात कोणी उघड विचारत नाही. आडनाव विचारतात, गाव विचारतात, घरी काय शिजते ते विचारतात. उत्तर तेवढ्यात मिळून जाते.

समजा, एखादा घरमालक यातूनही तयार झाला. बोलाचाली होतात, रक्कम ठरते. मग विद्यार्थी म्हणतो, "काका, करारपत्र करून द्याल का? योजनेच्या अर्जाला जोडायचे आहे." काकांचा चेहरा बदलतो. राहायचे तर राहा, पण कागद मिळणार नाही. गंमत अशी की, कागद नसेल तर भाड्याने राहत असल्याचा पुरावा नाही, पुरावा नाही तर भत्ता नाही, आणि भत्ता नाही तर भाडे नाही. आडनावावरून मिळणाऱ्या नकाराचा इतिहास आपण जाणतो. कागदाच्या या भीतीलाही इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांची रीघ लागली, भाडी भडकली, आणि 1918 मध्ये सरकारने भाडेवाढीला कायद्याने लगाम घातला. उपाय तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, फाळणीच्या धामधुमीत, 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला. त्याने 1 सप्टेंबर 1940 चे भाडे हे प्रमाण मानले आणि तेथेच गोठवले. हेतू माणुसकीचा होता, यात मला शंका नाही. निर्वासितांच्या आणि गिरणी कामगारांच्या डोक्यावरचे छप्पर त्यानेच वाचवले. पण भाडे चाळीस सालचे आणि सिमेंट साठ सालचे, असे किती काळ चालणार? दुरुस्त्या थांबल्या, इमारती कोसळू लागल्या, 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. नव्या भाडेकरूकडून एकरकमी पागडी घेण्याची चाल रूढ झाली. आणि शहाण्या मालकांनी आणखी एक वाट शोधली: भाडेकरू म्हणायचेच नाही, 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणायचे. परवानगीने राहणारा पाहुणा, हक्काने राहणारा कुळ नव्हे.

ही वाटही बंद झाली. 1973 च्या दुरुस्तीने जाहीर केले की, 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो लायसन्सवर राहत होता तो कायद्याने भाडेकरू समजला जाईल. काल रात्रीचा पाहुणा आज सकाळी कुळ झाला. मुंबईच्या घरमालकांच्या सामूहिक स्मृतीत ही तारीख पानिपतासारखी कोरली गेली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. अनेकांनी घरे भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पसंत केले. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत दिलेला आकडा यादृष्टीने वाचण्यासारखा आहे: 1961 मध्ये भारतातील शहरी घरांपैकी 54 टक्के भाड्याची होती, 2011 मध्ये 28 टक्के उरली.

मग 'अकरा महिने' कुठून आले? नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. म्हणून एक महिना कमी. नोंदणी टळते, खर्च टळतो आणि सरकारदरबारी नावही लागत नाही.

वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातला, केळीच्या बागांचा तालुका. गिरगाव-लालबागचे हे भय तेथे पोहोचले कसे? लोकलने. ऐंशीच्या दशकातील गिरणी संपानंतर आणि पुढे दक्षिण मुंबईतले घर परवडेनासे झाल्यावर चाळीतली कुटुंबे नालासोपारा-विरारला आली. ज्यांनी दोन खोल्या घेतल्या त्यांतले काही जण आज घरमालक आहेत. वडिलांनी पागडी भरलेली, काकांनी घरमालकाशी वीस वर्षे कोर्टात झुंज दिलेली. कुळ घरात घुसले की निघत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नाही. ते स्वतःच एकेकाळी ते कुळ होते. अशा माणसाला 'तुम्ही जुन्या समजुतीत अडकलात' असे तोडून सांगणे मला पटत नाही. त्याची समजूत अनुभवातून आलेली आहे.

मात्र ती आता कालबाह्य आहे, हेही तितकेच खरे. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद अवाजवी ठरल्याचे सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो, आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने पैसे मागू शकतो. कलम 55 त्याहून महत्त्वाचे आहे. करार लेखीच हवा, नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाईल. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

थोडक्यात, 1973 मध्ये कागद मालकाच्या विरोधात वापरला गेला; 2000 पासून कागद नसणे त्याच्या विरोधात जाते. ज्या भीतीपोटी काका करारपत्र नाकारतात, त्या भीतीवरचा उपाय ते करारपत्रच आहे. एखाद्या मित्रासाठी खोली शोधायला तुम्ही बरोबर जात असाल, तर घरमालकाला शासनाच्या योजनेची महती सांगू नका. ती त्याला नको आहे. त्याला कलम 24 आणि 55 सांगा. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत 1,000 रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. हा खर्च आम्ही वाटून घेतो म्हणा. नोंदणी ऑनलाइन होते, काकांना निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. प्राप्तिकराच्या धास्तीने कागद टाळणाराही एक वर्ग आहे. त्याच्याकडून खोली न घेणेच बरे.

वसई-विरारमध्ये आणखी दोन सापळे आहेत. एक 'हेवी डिपॉझिट'चा: एकरकमी मोठी अनामत द्या, महिन्याचे भाडे नाही. पागडीचेच हे धाकटे भावंड. शासनाचा भत्ता हप्त्याने येतो, अनेकदा उशिराने. एकरकमी पैसा उभा करायला तो निरुपयोगी. मग सावकार येतो. दुसरा सापळा अनधिकृत इमारतींचा. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत आरक्षित भूखंडांवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. 2025 च्या आरंभी ही कारवाई पुरी झाली आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या विजय नगरातील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून 17 जण मृत्यू पावले. ती इमारतही अनधिकृत होती. घरपट्टीची पावती दाखवणाऱ्याला सांगा की ती करवसुलीची पावती आहे, अधिकृततेचा दाखला नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र मागा. अडचण अशी की, भत्त्यात बसणाऱ्या खोल्या बहुधा जिथे हे प्रमाणपत्र नाही अशाच इमारतींत असतात.

म्हणून विद्यार्थ्याच्या मित्रांवर हे ओझे टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आदिवासी विकास विभाग आणि समाजकल्याण विभाग आपली कित्येक वसतिगृहे भाड्याच्या इमारतींत चालवतात. म्हणजे शासन स्वतः भाडेकरू आहेच, आणि त्याला कोणी आडनाव विचारत नाही. मग जव्हार किंवा डहाणूच्या प्रकल्प कार्यालयाने वसई-विरारमध्ये पाच-पन्नास सदनिका स्वतःच्या नावे लायसन्सवर का घेऊ नयेत? करार शासनाचा, भाडे दरमहा शासनाकडून मालकाच्या खात्यात, राहणारे विद्यार्थी. इमारत अधिकृत आहे की नाही, हे तपासणेही मग कार्यालयाचे काम होईल, अठरा वर्षांच्या मुलाचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, सरकारने खोल्या बांधाव्यात. इतिहास येथे सावध करतो. 1920 नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी उठवल्या. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड. भाडे कामगाराला परवडेना, खोल्या त्याला रुचेनात; कित्येक चाळी ओस राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. आपल्या काळात विरार-बोळिंजला म्हाडाने हजारो घरे बांधली. पाण्याची ओरड आणि किंमत यांमुळे त्यांतली हजारो वर्षानुवर्षे विकली गेली नाहीत. त्याच काळात त्याच स्टेशनवर उतरलेली मुले खोलीसाठी वणवण करीत होती. घर विकण्याचे खाते एक, भत्ता देण्याचे दुसरे, आणि एकाची नस्ती दुसऱ्याच्या टेबलावर जात नाही.

दरवर्षी प्रवेशाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. वसतिगृहांच्या याद्या त्यानंतर लागतात, योजनेचे अर्ज त्याहून नंतर. तोवर मुलगा नातेवाइकाच्या खोलीत सहावा माणूस म्हणून राहतो किंवा गावी परततो. प्रकल्प कार्यालयाला करारच करायचे असतील, तर ते एप्रिलमध्ये करावे लागतील.