अकॉर्डियन हलके झाले, सुराचे काय?

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असला, की अकॉर्डियनच्या तुकड्याला हमखास टाळी पडते. वादकाच्या खांद्यांवर तेव्हा दहा-बारा किलोंचे ओझे असते. १२० बासच्या वाद्याचे वजनच तेवढे. मग मान-पाठ धरणारच. रोलँड कंपनीने २००४ मध्ये आणलेल्या डिजिटल अकॉर्डियनमध्ये धातूच्या रीड नाहीत. त्यातली छोटी मॉडेले बऱ्यापैकी हलकी आहेत.

आपल्या संगीतासाठी मात्र वजनापेक्षा मोठी अडचण सुराची आहे. रीडचा सूर तिच्या लांबी-जाडीवर ठरतो, तो वाजवताना हलवता येत नाही. त्यात सप्तकाचे बारा समान भाग केल्याने शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा लागतो.

पेटीतला हाच दोष पेशाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओक यांनी मनावर घेतला. त्यांच्या २२ श्रुतींच्या पेटीत सा आणि प सोडून प्रत्येक स्वराच्या दोन श्रुती मिळतात. अकॉर्डियनमध्ये एवढ्या रीड कोंबल्या तर ओझे आणखी वाढेल. डिजिटल वाद्यात ते काम सॉफ्टवेअरवर सोपवता येते. भारतात वाद्य विकायचे तर कंपन्यांनी नव्या आवाजांची भर घालण्याआधी हे करायला हवे. भाता ओढणाऱ्या डाव्या हाताची सुटका मात्र डिजिटलमध्येही नाही.