मोटारसायकलला काच : कोणी बसवावी, कशी बसवावी?

गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात एक तरुण आला. केळीच्या व्यापारात काम करतो. सकाळी सावदा-रावेर, दुपारी यावल-चोपडा, असा त्याचा दिवस बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर मोटारसायकलवरच जातो. तक्रार अशी की मान आखडते, संध्याकाळी डोके ठणकते, डोळे लाल होतात. "डॉक्टरसाहेब, वाऱ्याचा त्रास नको म्हणून गाडीला पुढे मोठी काच बसवून घेतली. तेव्हापासून डोके जास्तच दुखायला लागले. हे कसे काय?"

प्रश्न एकट्याचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत पत्नीला मागे बसवून लांबच्या सफरीला जाणारी, पालच्या डोंगरात किंवा थेट लडाखला जाण्याचे बेत करणारी मुले आपल्या गावात आता पुष्कळ आहेत. सफरीसाठी गाडीला काच किंवा फायबरचे कवच, म्हणजे ज्याला फेअरिंग म्हणतात ते, बाहेरून आणून बसविण्याची हौस वाढली आहे. हा विषय मेकॅनिकचा, त्यात डॉक्टरचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण मान, कंबर, डोळे आणि कान यांचा संबंध आला की तो विषय आमच्याकडेच येतो.

प्रथम वाऱ्याचा हिशेब पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी 40 किलोमीटरला जो वारा सुखद वाटतो, तोच 80 ला छातीवर आणि डोक्यावर चौपट जोराने रेटतो. समोरून वारा असेल तर गाडी 60 ने चालत असतानाही अंगाला 80 चा वारा लागतो. हा रेटा सोसायला मानेचे आणि खांद्याचे स्नायू तासन् तास ताणलेले राहतात, मुठी घट्ट आवळल्या जातात, म्हणून मान आखडते. अशा माणसाला काचेचा फायदा होतो, हे मी नाकारीत नाही. थंडीत पहाटे निघणाऱ्यांच्या छातीला आणि बोटांनाही आडोसा मिळतो.

मग त्या तरुणाचे डोके का दुखले? याचे उत्तर आपल्या केळीच्या बागेत आहे. वारा अडविण्यासाठी बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात, नाहीतर हिरवी जाळी बांधतात. कोणी शहाणा शेतकरी त्यासाठी पक्की भिंत बांधत नाही. भिंत वारा अडवते, पण भिंतीवरून उडी मारून तोच वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो आणि पाने फाडतो. शेवरी वाऱ्याला थोडी वाट देते, त्याचा जोर मोडते, म्हणून आतली केळी वाचते.

मोटारसायकलच्या काचेचेही तसेच आहे. त्या तरुणाच्या काचेची वरची कड बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येत होती. कडेवरून सुटलेला वाऱ्याचा भोवरा हेल्मेटवर आदळत होता. काच नव्हती तेव्हा वारा निदान सरळ तरी येत होता, आता डोके क्षणोक्षणी हलत होते. ते सावरताना मान थकायची आणि संध्याकाळी डोके ठणकायचे. शिवाय आवाज. वेग वाढला की हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो. असा आवाज रोज तासन् तास कानावर पडला तर ऐकणे हळूहळू कमी होते, आणि गेलेले ऐकणे परत येत नाही.

मी त्याला गोळी थोडी आणि पाना जास्त, असे औषध दिले. काच खाली घ्यायला सांगितली. बसल्या जागेवरून रस्ता काचेतून नव्हे, काचेच्या वरून दिसला पाहिजे. वरची कड साधारण हनुवटी-नाकाच्या रेषेत असावी. काच आणि दिव्याच्या मध्ये थोडी फट ठेवावी, म्हणजे शेवरीसारखी वाऱ्याला वाट राहते. आठ दिवसांनी तो डोकेदुखी बरीच कमी झाल्याचे सांगत आला.

काचेतून रस्ता पाहू नये, यामागे आणखी एक कारण आहे. ही काच बहुधा प्लॅस्टिकची असते. आपल्या धुळीत ती कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात. रात्री समोरून ट्रकचा दिवा आला की त्या ओरखड्यांवर उजेड पसरतो आणि बैलगाडी किंवा ऊस वाहणारा ट्रॅक्टर दिसतच नाही. काच नेहमी भरपूर पाण्याने धुवावी. पेट्रोलने तर कधीच पुसू नये, त्याने काही प्रकारचे प्लॅस्टिक तडकते.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. दवाखाना सुरू केला त्या काळात मीही मोटारसायकलला एक ऐसपैस काच बसवून घेतली होती. ती थेट हँडलला अडकवली होती. जूनच्या सुरुवातीला भुसावळहून परतताना तापीच्या पुलावर आडवे वावधन आले. वाऱ्याने ती काच शिडासारखी धरली आणि हँडल माझ्या हातात असूनही माझे ऐकेना. गाडी हातभर बाजूला सरकली. मागून ट्रक नव्हता, म्हणून आज हा लेख लिहितो आहे. दुसऱ्या दिवशी काच काढून टाकली.

हा धडा जगाने फार पूर्वी घेतला होता. 1950 च्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींना पुढच्या चाकासकट झाकणारी मोठी कवचे बसवीत. वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात गाड्या सावरणे कठीण झाले. अखेर 1958 पासून जागतिक शर्यतींत अशा कवचांना बंदी आली. पुढे 1976 मध्ये बीएमडब्ल्यूने वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बनविलेले पूर्ण कवच कारखान्यातूनच गाडीला दिले, आणि ते हँडलला नव्हे, गाडीच्या सांगाड्याला जोडलेले होते. हातात दिलेली छत्री आणि घराला बांधलेला पत्रा यांत जो फरक, तोच हा. कवच मोठे हवे असेल तर ते सांगाड्यालाच जोडलेले हवे. हँडलला लावायचीच असेल तर काच लहान असावी, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते की नाही, वायर ताणत नाही ना, हे उभ्या गाडीवर तपासून घ्यावे.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. वारा लागला की गार वाटते, हे 35 अंशांपर्यंत ठीक. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा हवा कातडीपेक्षा गरम असते. तो वारा अंगाला उष्णता देतो आणि घाम दिसण्याआधीच सुकवतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळतच नाही. काच हा गरम वारा अडवते, पण मोठे कवच इंजिनाची धग मांड्यांवर आणते. तेव्हा उन्हाळ्यात काच असो वा नसो, दुपारी 12 ते 4 प्रवास टाळावा, तासाला थांबून पाणी प्यावे, अंग सुती कपड्याने पूर्ण झाकावे.

"वारा लागून तोंड वाकडे झाले" असेही पुष्कळ लोक सांगतात. हा आजार चेहऱ्याची नस सुजल्याने होतो. बरेचदा त्यामागे विषाणू असावा असे मानतात. नुसत्या वाऱ्याने तो होतो, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा त्या भीतीने काच घेऊ नका. पण तोंड वाकडे झाले तर मालिश करीत घरी बसू नका, पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. सोबत हात-पाय लुळे पडले किंवा बोबडी वळली, तर तो पक्षाघात समजून तासाचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात जावे.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. तो तरुण दुसऱ्यांदा आला तेव्हा मी बाहेर जाऊन गाडी पाहिली. आरशाला हेल्मेट लटकत होते. म्हणाला, "काच आहे ना भाऊ, आता वारा लागत नाही, मग कशाला घालायचे?" काच वारा अडवते, रस्ता अडवत नाही. पडल्यावर डोके वाचवते ते हेल्मेट. काच कसलेही डोके वाचवीत नाही, उलट फुटली तर तिची कड हनुवटी चिरते.

आणि मागे पाहिले तर चाकाजवळची साडीची जाळी काढून टाकलेली. सामानाच्या पेट्या बसविताना ती आड येत होती, आणि गाडी त्याशिवाय "छान दिसते" म्हणे. वाचकहो, मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, ही सोय केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे सक्तीची आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होते, ते मी पाहिले आहे, आणि ते या सदरात लिहिण्यासारखे नाही. स्वतःच्या छातीला वारा लागू नये म्हणून हजारो रुपयांची काच, आणि मागे बसणाऱ्या बायकोची जाळी भंगारात! ही कसली सफर?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पैसे खर्च करायचे तर आधी आयएसआय खुणेचे, काच असलेले हेल्मेट दोघांनाही घ्यावे. मग जाळी आणि कडी जागेवर आहे ना, ते पाहावे. त्यानंतर पैसे उरले आणि रोजचा प्रवास खरोखर लांबचा असेल, तर खुशाल काच बसवावी. गाडीत मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. गावातल्या गावात, बाजार ते शेत एवढेच फिरणाऱ्याला काचेची काहीच गरज नाही.

तो तरुण परवा बाजारात दिसला. हेल्मेट डोक्यावर होते. पत्नी मागे बसली होती, तिच्याही डोक्यावर होते. मी आधी चाकाकडे पाहिले. जाळी परत बसविली होती.