भिंगावरील डाग आणि अजिंठ्याचा धडा

कॅमेऱ्याच्या भिंगावर चिकट डाग दिसला की हात सहज सदऱ्याच्या टोकाकडे जातो. लग्नकार्याच्या गर्दीत हे हमखास घडते. डाग निघतो, पण त्याच्यासोबत भिंगावरचा लेपही ओरखडला जाऊ शकतो, आणि तो घरी पुन्हा चढवता येत नाही.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. ते परावर्तन घटवण्यासाठी मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या द्रव्याचा लेप देतात. त्याच्या एका थराची जाडी मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढी असते. एवढ्या नाजूक थराला जोर सोसत नाही.

डाग काढण्याआधी खालच्या थराचा विचार का करावा, हे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठा शिकवतो. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने तेथील चित्रांच्या जतनासाठी लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेले चित्रांश त्यांनी भिंतीला पक्के बसवले, हे त्यांचे मोठे काम. परंतु वर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे व काळपट पडले. रक्षणासाठी दिलेला लेपच डाग ठरला! चित्रे मातीच्या गिलाव्यावर असल्याने तेथे पाणी ओतता येत नव्हते, की घासता येत नव्हते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना रोगण विरघळेल पण रंग हलणार नाही अशा द्रावकांनी ते थोडेथोडे उतरवावे लागले.

भिंगालाही हाच विवेक लागू पडतो. प्रथम रबरी फुग्याच्या हवेने व मऊ कुंचल्याने धूळ उडवावी. धुळीचा कण राहिला तर पुसण्यानेच ओरखडा उमटतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे तुषार उडतात. वाळलेल्या पाण्याचे पांढरे ठिपके ऊर्ध्वपातित पाण्याने ओलावलेल्या भिंगाच्या कागदाने टिपावेत. बोटांचा तेलकटपणा वा चिकटपणा राहिल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब कागदावर घ्यावेत, भिंगावर कधीही नव्हे. द्रव कडेने आत झिरपतो. ओला कागद डागावर काही क्षण टेकवून डाग मऊ होऊ द्यावा, मग मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने फिरवावा. दरवेळी नवा कागद घ्यावा. अ‍ॅसिटोन, टूथपेस्ट व खिडक्यांच्या काचा पुसण्याचे द्रव वर्ज्य समजावेत.

दोन-तीन प्रयत्नांनीही न निघणारा डाग जाणकार कारागिराकडे सोपवावा. बुरशी आत असेल, तर बाहेरून पुसणे व्यर्थ आहे. एखादा बारीक ठिपका छायाचित्रात सहसा उमटतही नाही. त्याच्यासाठी लेप पणाला लावणे म्हणजे व्याजाच्या वसुलीत मुद्दल गमावणे होय.