कोरड्या जमिनीतील अर्थिंग

भंडारा जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली, तेव्हा राज्यभरातील रुग्णालयांच्या सुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग जळाला. आदेश निघाला म्हणजे काम झाले असे मानण्याची सोय आपल्याकडे नाही, हे त्यावरून दिसून आले. परंतु रुग्णालयांविषयी निदान आदेश तरी निघतात. सामान्य माणसाच्या घरातील वीजजोडणीची, मीटर बसल्या दिवसानंतर, कोणी विचारपूस करीत नाही.

वस्तुतः नियम नव्हता असे नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 46 व्या नियमाने ग्राहकाच्या जोडणीची जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी व चाचणी व्हावी, असे सांगितले होते. ती किती घरांच्या वाट्याला आली, हे वाचकांनी आपापल्या घरातील जुन्या मंडळींस विचारून पाहावे. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांसाठी हेच पाच वर्षांचे बंधन 2020 मध्ये घातले गेले आणि त्याची जबाबदारी घरमालकावर टाकण्यात आली. आपल्याकडे मीटरचे वाचन नेमाने होते. मीटरपलीकडील तारा मात्र भिंतीत तशाच जुन्या होत जातात.

जतसारख्या तालुक्यात या दुर्लक्षाला आणखी एक बाजू आहे. अर्थिंगचे सारे बळ ओलसर जमिनीत असते. खड्ड्यात कोळसा व मीठ भरून तो ओला ठेवावा, असे वीजतंत्री सांगतो. ज्या तालुक्यात दुष्काळी वर्षी पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते, तेथे गृहिणीने घागरभर पाणी या खड्ड्यात ओतावे, असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? मुरमाड जमीन सुकली की तिचा विद्युतरोध वाढतो. तो 50 ओहम धरला, तर 230 व्होल्टच्या दाबाने जमिनीत जाणारा प्रवाह 4.6 अँपिअरपेक्षा अधिक होत नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. कूलरच्या पत्र्यात वीज उतरलेली असते, दिवे जळत असतात आणि घरात सर्व ठीक आहे असे सर्वांना वाटत असते. एमसीबी तार जळू देत नाही. माणसाला वाचविणे हे तिचे काम नव्हे. हा फरक विज्ञानाच्या तासालासुद्धा क्वचितच सांगितला जातो.

माणसासाठी ईएलसीबी असते. 30 मिलिअँपिअरची, म्हणजे 0.03 अँपिअरची, गळती होताच ती प्रवाह तोडते. तिच्यापुढे वरचे 4.6 अँपिअर पुष्कळच झाले. म्हणजे कोरड्या जमिनीतील दुबळे अर्थिंगही तिच्या जोडीने उपयोगी पडते, आणि कोणी पत्र्याला हात लावण्यापूर्वीच पुरवठा बंद होतो. असे असता 2010 च्या केंद्रीय सुरक्षा नियमावलीने 5 किलोवॉटखालील छोट्या जोडण्यांना या बंधनातून वगळले. पत्र्याच्या घराला आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला जिची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच सूट! ही सवलत कोणाच्या सोयीची होती?

ईएलसीबीवर चाचणीची एक कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी. पुरवठा तुटला नाही तर उपकरण बदलावे. एवढे शाळकरी मूलही मोठ्यांच्या देखत करू शकते. अर्थिंगचे मोजमाप मात्र घरगुती काम नव्हे. त्यासाठी यंत्र लागते आणि ते हाताळणारा माणूस लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री अभ्यासक्रमाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करू शकतील. महावितरणने त्यांना यंत्रे व मानधन द्यावे, आणि मोजणी ऐन एप्रिल-मेमध्ये, जमीन पुरती सुकलेली असताना, करावी. पावसाळ्यानंतर घेतलेले आकडे कागदावर चांगले दिसतील, एवढेच.