वटवाघळांची मातृपरंपरा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका गावी देवळाच्या डागडुजीचे काम निघाले, आणि शिखरातील वटवाघळे हाकलण्यासाठी खाली ओल्या पाल्याचा धूर करण्यात आला. धुराने गुदमरून जी वटवाघळे सभामंडपात पडली, त्यांतील काही माद्यांच्या छातीस पिले चिकटलेली होती. आम्ही तेथे उभे होतो. मास्तर म्हणून चार माणसे आमचे ऐकतात. तरीही त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. ते बोलणे या लेखात करीत आहोत.

वटवाघळास पशूंच्या पंगतीत पान नाही आणि पक्ष्यांच्या पंगतीतही नाही, असे आपण थट्टेने म्हणतो. वस्तुतः ते पिलांस दूध पाजणारे सस्तन प्राणी होत. त्यांच्या जाती जगात हजाराहून अधिक आहेत, आणि आपण मात्र त्या सर्वांस एकाच नावाने हाक मारून मोकळे होतो. आमचा आक्षेप नेमका या एका नावावर आहे.

याच खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तेथील लांब कानांच्या एका वटवाघळाचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली प्रथम केले व रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्यास दिले. पुढे सुमारे नव्वद वर्षे ही जात जगात अन्यत्र कोठेही आढळली नव्हती. मग ती कंबोडियात व मेघालयात सापडली. नाव मिळाल्यामुळे तिला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि २०११ साली जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात तिची गुहा सुरक्षित झाली. देवळातील वटवाघळांस असे नाव कोणी विचारले नाही. त्यांच्या वाट्यास धूर आला.

पण नाव ठरवावे कसे? रंग, दात, कवटी पाहून, असे कोणी म्हणेल. इंग्लंडात घरांच्या छपरांत राहणारे पिपिस्ट्रेल नावाचे चिमुकले वटवाघूळ पिढ्यान्‌पिढ्या एकच जात म्हणून गणले गेले. पुढे ध्यानात आले की, त्यांतील काही सेकंदास सुमारे ४५ हजार कंपनांचा आवाज काढतात, तर काही ५५ हजारांचा. १९९७ साली त्यांचे एक जनुक ताडून पाहिले, तेव्हा शेकडा अकराहून अधिक फरक निघाला. जाती दोन होत्या! बारापेडेच्या वटवाघळाच्या आफ्रिकेतील भाऊबंदांतूनही अशाच तपासानंतर २०१५ साली एक जात वेगळी काढण्यात आली.

हे जनुक असते तंतुकणिकेत. पेशीत अन्नापासून शक्ती तयार करणाऱ्या या इवल्याशा गिरण्यांस मायटोकॉन्ड्रिया असेही म्हणतात. त्यांस स्वतःचा निराळा डीएनए असतो आणि तो बांगडीसारखा वाटोळा असतो. माणसाच्या बांगडीत १६,५६९ अक्षरे आहेत. वटवाघळांची बांगडी साधारण तेवढीच. तीत जनुके अवघी ३७. बांगडीचा एक भाग मात्र जनुकांवाचून असतो आणि तेथे मोठी मौज आढळते. अमेरिकेतील एका जातीत ८१ अक्षरांचा एकच तुकडा कोणात पाच वेळा, तर कोणात आठ वेळा लिहिलेला सापडला. जणू एखाद्या डुलक्या घेणाऱ्या कारकुनाने नक्कल करताना तीच ओळ पुनःपुन्हा उतरली. कित्येकदा तर एकाच प्राण्याच्या अंगात दोन लांबींच्या बांगड्या मिळाल्या. पेशीत त्यांच्या प्रती पुष्कळ असल्यामुळे पंखाच्या पडद्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासास पुरतो. ती जखम काही आठवड्यांत भरून येते.

ही बांगडी संततीस केवळ आईकडून मिळते. आई, आजी, पणजी अशी ती सरळ रेषा; बापाचा तीत वाटा नाही. म्हणूनच एकट्या तिच्या साक्षीवर निवाडा करू नये, असे आमचे मत आहे. युरोपात उंदरासारख्या कानांच्या दोन जाती आहेत. त्यांचे खाद्य भिन्न, तरी तंतुकणिका एकसारख्या निघाल्या. पूर्वी कधी तरी संकर होऊन एकीचा वारसा दुसरीत शिरला होता. आईबाप दोघांकडून येणारा पेशीकेंद्रातील डीएनए वाचला, तेव्हा हा गुंता सुटला.

देवळातील ती वटवाघळे कोणत्या जातीची होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. वटवाघळाची मादी बहुधा वर्षास एकच पिलू देते, आणि पुष्कळ जातींच्या माद्या बाळंतपणास एकाच जागी जमतात. अशा जागी धूर केला म्हणजे किती माहेरे एका दुपारी बुडतात, याचा हिशेब पालकांनी स्वतःच करावा. देवळे दुरुस्त करू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. गळक्या शिखराखाली देव भिजतो हे आम्हांसही दिसते. पिले उडू लागेपर्यंत थांबावे आणि मग सायंकाळी सर्व बाहेर पडल्यावर फटी बुजवाव्यात, एवढेच मागणे आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या मुलांस घेऊन आम्ही त्याच देवळासमोर तिन्हीसांजेस उभे राहणार आहोत. शिखरातून किती वटवाघळे बाहेर पडतात, ते मोजावयाचे आहे. मोजण्यास काही उरले असेल, अशी आशा आहे.