बंद केलेली गोळी घरातूनही जायला हवी

गडबवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक २०१० साली १७ चा ६६ झाला. अनेकांच्या तोंडी अजून जुनाच आकडा आहे आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. औषधाच्या जुन्या चिठ्ठीचे मात्र तसे नसते.

गडबसारख्या गावातल्या एखाद्या आजींचे उदाहरण घेऊ. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ लागली, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. नव्या कागदावर नवी गोळी आली. जुनी बंद केल्याचे कुठेच लिहिले गेले नाही. जुनी चिठ्ठी डब्यातच राहिली. पुढच्या महिन्यात मुलगा तीही घेऊन मेडिकलमध्ये गेला आणि दोन्ही गोळ्या सुरू झाल्या. सूज हटेना, म्हणून तिसरीकडे लघवीची गोळी मिळाली. त्याने सोडियम उतरले, चक्कर आली आणि आजी न्हाणीघरात पडल्या.

संगणकात हाच प्रकार घडतो. एखादी सेटिंग काढून टाकली तरी तिची फाइल मागे राहते आणि एखादा प्रोग्राम ती वाचून जुन्याच हुकमाने चालू लागतो. हुकूम रद्द करणे आणि त्याचा कागद काढून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पोलिओ लसीकरणाने हे जाणले होते. तोंडावाटे द्यायच्या लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू एप्रिल २०१६ मध्ये जगभर वगळण्यात आला. भारतात हा बदल २५ एप्रिलला झाला. पण आदेश काढून काम संपले नव्हते. शीतपेट्या तपासून जुन्या कुप्या परत मागवायच्या आणि नष्ट करायच्या होत्या, कारण मागे राहिलेली लस काही बालकांना दिली गेली तर त्या विषाणूविरुद्ध संरक्षण नसलेल्या मुलांमध्ये तो पसरू शकत होता. एवढे करूनही २०१८ मध्ये नव्या लशीच्या काही कुप्यांत तोच विषाणू सापडला.

मग केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर ‘बंद केलेली औषधे’ असा रकाना का नसावा? गोळीचे नाव, तारीख आणि कारण लिहायला अर्धा मिनिट लागतो. ओपीडीत रांग मोठी असते हे खरे. पण पडलेल्या आजींच्या मोडलेल्या खुब्याला त्याहून कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो.

घरच्यांनीही प्रत्येक तपासणीला सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. ‘यातली कोणती बंद?’ असे विचारून घ्यावे आणि रद्द झालेल्या चिठ्ठीवर तिथेच तारखेसह आडवी रेघ मारून घ्यावी. मात्र स्वतःच्या मनाने काहीही थांबवू नये. फिटची, स्टेरॉइडची आणि हृदयाची काही औषधे एकाएकी सोडल्यास जिवावर बेतू शकते.